माशांना आग्रह

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला मासे पकडता येत नाहीत. खाता येतात. मी रत्नागिरीकडचा. बांगड्याचे काटे डोळे मिटून काढीन, पापलेट ताजं आहे की शिळं हे दुकानाच्या दारातून सांगेन. पण आमच्या घराण्यात कोणी कधी गळ हातात धरल्याचं ऐकिवात नाही. मासे टोपलीत बसून आमच्या दारावर यायचे आणि आई त्यांचे कल्ले उचकटून त्यांची परीक्षा घ्यायची. मासेमारीशी आमचा संबंध एवढाच.

त्यामुळे इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या कॅनॉलकाठी, जानेवारीच्या थंडीत, मोज्यांवर मोजे चढवून, घडीच्या खुर्चीत रॉड धरून बसलेला मी जर गावाकडच्या कोणाला दिसलो असतो, तर त्यांनी एकच निष्कर्ष काढला असता, की हा परदेशात जाऊन पार कामातून गेला. आणि त्यांचं फारसं चुकलं नसतं.

हे कसं झालं ते सांगतो. मागच्या वर्षी माझ्या बायकोला कॅन्सर झाला. हे वाक्य लिहिताना हात अजून अडखळतो, म्हणून पटकन लिहून मोकळा होतो. ऑपरेशन झालं, केमो झाली, शरद ऋतू संपता संपता स्कॅनही चांगला आला. आम्ही दोघं हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडीत बसून पोटभर रडलो. मला वाटलं, सुटलो. पण तिची भूक गेली ती गेलीच. केमो संपली तरी परत यायचं नाव नाही. ताट समोर ठेवलं की ती त्याच्याकडे सोमवारी सकाळी ऑफिसच्या ईमेलकडे बघावं तशी बघायची. दोन घास घ्यायची, चमचा खाली ठेवायची आणि म्हणायची, "झालं माझं."

वजन उतरत चाललं होतं. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा तिने त्या काढूनच ठेवल्या. डिसेंबरात डायटिशियनने स्पष्ट सांगितलं, की असंच चाललं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. घरी येताना बायको गाडीत एवढंच म्हणाली, "काहीही कर, पण नळी नको. मला फार भीती वाटते रे त्या नळीची."

काहीही कर, असं तिने मला सांगितलं. मला! आता माझी ख्याती तुम्हाला सांगायला हवी. आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीचं जेवण असलं की जिलबीची परात माझ्याच हातात देतात. कारण आग्रह करावा तर मी. आमच्याकडे आग्रह ही एक विद्या आहे आणि मी ती काकांच्या मागे पंगतीत फिरून शिकलो. माणूस ताटावर हात आडवा धरतो ना, त्या दोन बोटांच्या फटीतून जिलबी सोडता आली पाहिजे. "एकच, फक्त एक, माझी शपथ आहे." डायबेटिस असलेल्या भल्याभल्यांना मी जिलब्या खाऊ घातल्यात. ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे, पण मी सांगत आलोय खरा.

तेव्हा बायकोला खायला घालणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी धरून चाललो. वर्क फ्रॉम होम मागून घेतलं आणि ओट्याशी उभा राहिलो. मऊ भात, मेतकूट, तूप. धिरडी. शिरा. भाजणीचं थालीपीठ, त्यावर लोण्याचा गोळा. मीटिंग म्यूट करून मी खोबरं खवत असे. डायटिशियन म्हणाली होती, "छोटी ताटली द्या. हाताशी ठेवा. खाताना बघत बसू नका. त्यावर काही बोलू नका." मी सगळ्याला मान डोलावली होती. घरी येऊन छोटी ताटली आणली आणि तिच्यात चार पदार्थ रचले. बघत नव्हतो असं दाखवायला पेपर धरून बसायचो आणि पेपरावरून बघायचो. मध्येच म्हणायचो, "एवढा घास माझ्यासाठी." मग, "हा तुझ्या लेकीसाठी." लेक बिचारी एडिनबराला अभ्यास करत होती, तिच्या नावावर मी इथे किती घास खपवले त्याला गणती नाही.

शेवटी एका शनिवारी दुपारी बायकोने ताटली बाजूला सारली आणि शांतपणे म्हणाली, "तू आरशात बघितलंयस कधी? मी तोंड उघडलं की तुझंही तोंड उघडतं."

"मग काय झालं?"

"मला घास गिळवत नाही रे अशाने. तू असं कर, शनिवारी दुपारी कुठेतरी जात जा. कुठेही जा. दोन तास माझ्याकडे बघू नकोस."

मला राग आला. एवढं राब राब राबतोय आणि वर ही मला घराबाहेर काढतेय! जॅकेट चढवलं, दार जरा जोरातच लावलं आणि रेडवेने चालत सुटलो. आमच्या गावात रेडवे म्हणजे पायी आणि सायकलने जायचे लाल रस्ते. सगळी जनता गाडीने फिरत असल्यामुळे तिथे माणसाला मनसोक्त चिडता येतं. तसा चिडत चिडत मी कॅनॉलवर पोचलो.

तिथे एक म्हातारा बसला होता. पुढे कळलं की तो शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला. त्या क्षणी मात्र तो उठून उभा होता, त्याचा रॉड वाकला होता आणि काळ्या पाण्यातून काहीतरी रुपेरी वर येत होतं. त्याने ते अलगद जाळीत घेतलं. मासा हातभर नव्हता, पण असा भरदार, की बघत राहावं. अंग चांदीचं, खालचे पर शेंदरी, डोळा लालसर. "रोच," तो म्हणाला. "वजन दोन पाउंडाला थोडं कमी. कॅनॉलमध्ये एवढा मिळत नाही सहसा." मी मनातल्या मनात त्याला हळद-मीठ लावून मोकळा झालो होतो, एवढ्यात म्हाताऱ्याने तो पाण्यात सोडून दिला.

"सोडलात?" मी ओरडलोच.

"मग काय करायचं?" तो माझ्याकडे बघत राहिला.

काय करायचं! मी घरी आलो ते हेच बडबडत. बायको जन्माची शाकाहारी, पुण्याची. ती म्हणाली, "म्हणजे जीव धरायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि सॉरी म्हणून सोडायचा? अरे वा, इतकं निरुपयोगी काम तुलाच जमेल. कर तू."

मी केलं. आयटीतला माणूस नवीन छंद धरतो तेव्हा जे जे होतं ते सगळं झालं. आठवडाभर रात्री जेवणानंतर व्हिडिओ बघितले. रॉड आणला, लायसन्स काढलं, खुर्ची, जाळी, पाण्यात उभा राहणारा लाल टोकाचा फ्लोट, आणि हवा आहे की नको हे मलाच माहीत नसलेलं बरंच काही. त्यातून मला कळलं की हिवाळ्यात मोठ्या रोचला साधा पांढरा स्लाइस ब्रेड आवडतो. त्याचा मऊ मऊ तुकडा गळाला लावायचा आणि थोडा ब्रेड भिजवून, कुस्करून पाण्यात टाकायचा, म्हणजे मासे जवळ येतात. खायला घालायचं! हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एवढं तर मला येतं.

पहिल्या शनिवारी मी अख्खा ब्रेड भिजवला. घरात सकाळीच शिरा झाला होता, वेलचीची पूड उरली होती, तीही घातली. त्याचे छान लाडू वळले आणि फ्लोटच्या आसपास एकेक सोडले. काही झालं नाही. मला वाटलं, कमी पडले. आणखी सोडले. दुसऱ्या शनिवारीही तेच, तिसऱ्यालाही तेच. माझा फ्लोट पाण्यात असा निश्चल उभा असायचा की त्याच्यावर कावळा बसला असता तरी चाललं असतं. त्याच काठावर जरा पलीकडे म्हातारा मात्र अधूनमधून एखादा रोच काढायचा आणि सोडायचा.

एकदा तो स्वतःहून माझ्यापाशी आला. माझ्या डब्यातले लाडू त्याने निरखून पाहिले, वासही घेतला. "कोणाचं लग्न आहे का?" त्याने विचारलं. मग मला समजावून सांगितलं, की थंडीत पाणी गार पडलं की माशांची भूक मंदावते. ते तळाशी गप्प पडून असतात. फार अन्न समोर आलं की तोंड फिरवतात. "चिमूटभर टाका आणि थांबा. ब्रेड कुठे आहे ते त्यांना ठाऊक असतं. अंधार पडायच्या आधी एखादा येतो, आला तर."

मी मान डोलावली. अगदी डायटिशियनपुढे डोलावली होती तश्शीच. हीच गोष्ट दोन माणसांनी मला दोन ठिकाणी सांगितली आणि माझ्या डोक्यात काडीचाही प्रकाश पडला नाही. आणि मला ऑफिसात ॲनालिस्ट म्हणतात! म्हाताऱ्याची पाठ वळताच मी आणखी एक लाडू सोडला. छोटाच होता.

घरची परिस्थिती होती तशीच होती. शनिवारचे दोन तास सोडले तर मी बाकीच्या वेळात दुप्पट जोमाने पेपरावरून बघत होतो. वजनाच्या काट्यावर उभी राहताना ती माझ्याकडे बघायची नाही, आणि उतरल्यावर मी तिच्याकडे बघायचो नाही. फेब्रुवारीत हॉस्पिटलची पुढची अपॉइंटमेंट होती. नळीचं काय ते त्या दिवशी ठरणार होतं. आम्ही दोघंही तिचं नाव काढत नव्हतो. मी पहाटेच जागा व्हायचो आणि ओट्याशी जाऊन रवा भाजायला घ्यायचो.

त्या अपॉइंटमेंटच्या आधीच्या शनिवारी छान ऊन पडलं. मी निघालो तर बायको म्हणाली, "मीही येते. बघू तरी कुठे दिवे लावतोस ते."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. दुसरी खुर्ची काढली, दोन ब्लँकेटं, गरम पाण्याची पिशवी, तिची लोकरी टोपी. आणि डबे. एकात शिरा, एकात मऊ खिचडी, एकात तूप-साखरेची पोळी. ती दारात उभी राहून हे बघत होती.

"डबे घरी ठेव, नाहीतर मी येत नाही."

"गाडीत राहू देत ना. तू नको खाऊस. असू देत नुसते."

"घरी."

ठेवले घरी. काय करणार!

काठावर तिला नीट गुंडाळून बसवलं. समोर एका नॅरोबोटच्या, म्हणजे लोक घर करून राहतात त्या लांबट होडीच्या, धुराड्यातून धूर येत होता. पाणी स्वच्छ आणि काळंभोर होतं. मी ब्रेडचा तुकडा गळाला लावला, गळ टाकला आणि नेहमीप्रमाणे लाडवांचा डबा उघडला. एक सोडला. दुसरा सोडला. तिसरा उचलला तेवढ्यात ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"खायला घालतोय."

"कोणाला?"

"रोचला."

"खातोय का?"

"नाही अजून."

"मग आणखी का घालतोयस?"

मी लाडू हातात धरून विचार केला. "खात नाही म्हणून," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि मग हसायला लागली. आधी नाकातल्या नाकात, मग टोपी सरकून डोळ्यांवर येईपर्यंत. तिला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. पलीकडून म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं. किती महिन्यांनी ती अशी हसली ते मला आठवेना. "अरे देवा," ती म्हणाली, "मासे पण सुटले नाहीत रे तुझ्या तावडीतून!" मी लाडू धरून तसाच बसलो होतो. इतका ओशाळलो, की थंडीत कान गरम झाले. आणि तेव्हा कुठे, इतक्या आठवड्यांनी, माझ्या डोक्यात तो प्रकाश पडला.

तिने डबा माझ्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि पायाशी ठेवला. ब्रेडची पिशवीही उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. "हे माझ्याकडे राहणार. गळाला तुकडा हवा असेल तेव्हा माझ्याकडे मागायचा. आणि आता गप्प बस."

मी गप्प बसलो. इतका वेळ मी आयुष्यात कधी गप्प बसलो नसेन. ऊन उतरलं, धुराड्याचा धूर निळसर झाला, गारठा वाढला. ती नॅरोबोटच्या छतावरच्या कुंड्या बघत होती. "थंडीत कोथिंबीर जगते का रे इथे?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. एकदा तुकडा मागितला तेव्हा तिने हातमोजा काढला, पिशवीतून एक स्लाइस बाहेर घेतली आणि मधला मऊ भाग चिमटीने तोडून दिला. मी गळ पुन्हा टाकला. स्लाइस तिच्या हातातच राहिली.

थोड्या वेळाने मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, की तिची बोटं त्या स्लाइसमधून एक चिमूट तोडतायत. मला वाटलं, मला देणार. पण हात माझ्याकडे आला नाही. तो तोंडाकडे गेला. ती अजून त्या कुंड्यांकडेच बघत होती. चावत होती. गिळलंन. मग बोटं पुन्हा खाली गेली आणि दुसरी चिमूट वर आली.

नुसता पांढरा ब्रेड. ना लोणी, ना तूप, ना मेतकूट. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो.

आणि नेमका तेव्हाच माझा फ्लोट हलला.

आधी लाल टोक किंचित वर आलं. थरथरलं. मग सावकाश, अगदी खानदानी चालीने, ते एका बाजूला सरकत पाण्याखाली गेलं. इतके व्हिडिओ बघितलेल्या माणसाला हे काय आहे हे कळायला क्षण लागला नाही. लहान मासे टोचे मारतात. हा असा ओढत नेतो तो मोठाच. रॉड माझ्या हातात होता. मनगटाचा एक झटका द्यायचा अवकाश, की दोन पाउंडाचा रोच माझा होता. मग मी ओरडलो असतो, उठलो असतो, खुर्ची उलटी झाली असती, जाळी शोधली असती, आणि ती दचकून बघायला उठली असती. हातातली स्लाइस खाली गेली असती.

तिसरी चिमूट वर चालली होती.

मी हललो नाही. रॉडचं टोक पाण्याकडे वाकलं, दोनदा ठोका दिल्यासारखं हललं. मी बोटं घट्ट धरून बसलो. मग टोक सरळ झालं. लाल फ्लोट टुपकन वर आला आणि काहीच न झाल्यासारखा पुन्हा उभा राहिला.

"अहो!" पलीकडून म्हातारा त्याच्या इंग्रजीत ओरडला. आपला रॉड टाकून तो तरातरा चालत आमच्याकडे आला. "तोच होता! फ्लोट पूर्ण खाली गेला होता! झटका का नाही दिलात? महिनाभर इथे बसून काय करताय तुम्ही?" इतका शांत माणूस, पण त्याचा चेहरा लाल झाला होता. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त दुःख झालं होतं.

बायकोने माझ्याकडे वळून बघितलं. "काय रे? झोपला होतास?"

"डुलकी लागली," मी म्हणालो.

"धन्य आहे तुझी!"

आज मंडळात ही गोष्ट ती रंगवून रंगवून सांगते. माझी मान कशी कलली होती, तोंड कसं उघडं होतं, तो म्हातारा कसा धावत आला, सगळं. तोंड उघडं होतं हे कदाचित खरंही असेल. लोक पोट धरून हसतात आणि मीही मान डोलावतो. एरवी एवढं बोलणारा मी, तिला यात कधी दुरुस्त केलेलं नाही.

त्या संध्याकाळी म्हातारा मान हलवत आपल्या जागी परत गेला. अंधारून यायला लागलं होतं. बायको मला अजून बोलतच होती, की माणसाने निदान जागं तरी राहावं, की हौसेला मोल नाही पण अक्कल हवी, की तिच्या आईला हे फोनवर सांगितलंच पाहिजे. बोलता बोलता तिने हातातली उरलेली कड खाऊन टाकली आणि पिशवीतून दुसरी स्लाइस काढली. मी तिच्याकडे बघितलं नाही. पाण्याकडे बघत बसलो, एकदम मन लावून. त्या माशाने गळावरचा तुकडा पुसून खाल्ला होता, गळावर काही उरलं नव्हतं. ब्रेड तिच्या मांडीवर होता. मी मागितला नाही.